घर माझं नाही, राहणं माझं

वरच्या मजल्यावरून मुसळ आपटलं की आम्ही चक्की बंद करायचो. मोटारीचा खटका पाडायचा, पट्टा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांना सांगायचं, बसा वं थोडं, आत्याबाईचा हुकूम आला. कोणाचं बेसन अर्धंच दळून झालेलं असायचं, कोणाच्या घरी जावई जेवायचा खोळंबलेला असायचा. पण मुसळ म्हणजे मुसळ. आमच्या डोक्यावर लाकडी फळ्यांचं छत होतं. त्यावर मुसळ पडलं की फटींत बसलेलं पीठ आमच्याच केसांत यायचं.

तुम्ही म्हणाल, म्हातारी बाई, दुपारी डोळा लागत असेल, त्यात एवढं काय. मीही आधी तसंच धरून चालले होते. मग एकदा भाडं द्यायला वर गेले तेव्हा पाहिलं. बाई निजलेली नव्हतीच. जमिनीवर पितळी लोटा काठोकाठ भरून ठेवलेला आणि समोर पाटावर ही बसलेली, लोट्यातल्या पाण्यावर नजर लावून. खाली चक्की चालली की पाणी थरथरायचं. थरथरलेलं चालायचं. काठावरून थेंब सांडला की ती मुसळ उचलायची. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "घर हादरून राहिलं तुझ्या चक्कीनं."

मी म्हटलं, "तुमचंच घर आहे आत्याबाई. थोडं हादरलं त काय होते."

"घर माझं नाही," ती म्हणाली. "राहणं माझं आहे."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की माझी पोरं खेळताना एकमेकांना म्हणायची.

मला ती बाई आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. पण मी मौद्याची, खेड्यातली. पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही, आणि आत्याबाईलाही जमत नव्हतं, तेवढं एक आमचं सारखं होतं.

नागपुरात धरमपेठेत बाजाराच्या अलीकडच्या गल्लीत ते दुमजली घर होतं. वर कवेलूंचं छप्पर, खाली फरशी, रस्त्याला लागून एक मोठी खोली. त्या खोलीत आमची चक्की आणि मागच्या पडवीत आमचा संसार. मी लग्न होऊन आले तेव्हा रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची आणि ती दळून दळून आमच्या दगडाचाही रंग बदलला होता. घर बांधलं आत्याबाईच्या भावानं. तो सरकारी ओव्हरसियर, स्वतः उन्हात उभा राहून एकेक वीट लावून घेतलेली. त्याची बायको लवकर गेली, मागे एक तान्हं पोर. तेव्हा ही बहीण, बालविधवा, खाप्याहून आली आणि तिनं भावाचं घरही सांभाळलं आणि पोरही वाढवलं.

भाऊ मरण्याआधी मृत्युपत्र करून गेला. घर मुलाचं. पण बहीण जिवंत आहे तोपर्यंत ती त्यात राहील, पुढच्या खोलीचं भाडं घेईल आणि तिला कोणी हलवणार नाही. तिनं मात्र घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, मोडतोड करायची नाही. डागडुजी तिच्याकडे. ती गेली की त्याच क्षणी घर मुलाच्या ताब्यात. वकील लोक याला हयातीचा हक्क म्हणतात. गल्लीतले लोक म्हणायचे, म्हातारीचा श्वास आहे तोवर.

यात आमचं काय अडलं, असं तुम्हाला वाटेल. अडलं असं की खोली आम्हाला तिनं दिलेली. जिला स्वतःला श्वासापुरतं मिळालं ती दुसऱ्याला त्याहून जास्त कुठून देणार? ती गेली की आमचा भाडेचिठ्ठीचा कागदही गेला. म्हणजे जिचं तोंड पाहू नये वाटायचं तिच्याच तब्येतीची काळजी आम्हाला. तिला खोकला झाला की आमचे हे अडुळशाचा काढा घेऊन वर जायचे. ती सगळा काढा प्यायची, पेला पालथा करायची आणि म्हणायची, "मी मरेन म्हणून भिऊन राहिलास ना?" हे बिचारे मान खाली घालून जिना उतरायचे. मी असते तर पेला तिच्या डोक्यात घातला असता.

खिळ्याची गोष्ट सांगते. चक्कीच्या खोलीत लक्ष्मीची तसबीर लावायची होती. यांनी भिंतीला खिळा टेकवून हातोडीचा पहिला ठोका मारला, दुसरा मारायच्या आत ती खाली हजर. एवढ्या वयात ती जिना कशी उतरली कोण जाणे. कोणाला विचारून ठोकून राहिला, म्हणाली. हे म्हणाले, लक्ष्मीच आहे आत्याबाई, दुसरं काय. तर म्हणे लक्ष्मी असो नाहीतर सरस्वती, भिंत वसंताची आहे. वसंता म्हणजे तो भाचा, ज्याला तिनं वाढवलं. शेवटी लक्ष्मी गव्हाच्या पोत्याला टेकवून ठेवली. पोतं रिकामं झालं की तिला दुसऱ्या पोत्यावर नेऊन बसवायचं. आमची लक्ष्मी अशी वर्षानुवर्षं या पोत्यावरून त्या पोत्यावर फिरत राहिली.

अंगणात पेरूचं झाड होतं. त्याची एक फांदी रस्त्यावर इतकी खाली आलेली की सायकलवाल्यांच्या टोप्या उडायच्या. लोक येऊन सांगायचे, आत्याबाई, एवढी फांदी छाटा. ती म्हणायची, "पेरू माझे, फांदी वसंताची. पेरू तोडीन, फांदी नाही तोडणार." आता पेरू तिचे हे कबूल, पण इतक्या वर्षांत आमच्या पोरांच्या हातावर तिनं कधी एक पेरू ठेवला नाही. पाखरांनी खाल्लेले चालायचे.

पण दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, ती कवेलू फेरून घ्यायची. भर उन्हात छत्री घेऊन अंगणात उभी राहायची आणि वर चढलेल्या माणसांना शिव्या घालत एकेक कवेलू तपासून घ्यायची. आमचं भाडं सगळं त्या छपरात जायचं. अंगावरच्या लुगड्याला ठिगळं, आणि घराला दरवर्षी चुना. मी एकदा न राहवून बोलले की ज्याच्यासाठी एवढं राखता तो तर दिवाळीलाही दोन ओळी धाडत नाही. ती म्हणाली, "राहणाऱ्यानं राखायचं असते. तो काय करतो ते त्याचं तो पाहीन." वर मलाच विचारलं की तुझ्या पडवीत जाळी काहून लोंबून राहिली.

वसंता भोपाळला नोकरीला. राजधानी भोपाळला हलली तेव्हा नागपूरची बरीच सरकारी माणसं तिकडे गेली, त्यात हाही गेला. तो यायचा तेव्हा आत्याच्या पाया पडायच्या आधी भिंतींवर बोटं वाजवून पाहायचा. मग अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत चालायचा. धरमपेठेत तेव्हा बंगले पाडून फ्लॅट उठायला लागले होते. आत्याबाई त्याच्यासाठी वडाभात करायची, वर फोडणीचं तेल भरपूर. तो पोटभर जेवायचा, हात धुवायचा आणि कागद काढायचा. आत्या, इथे एकट्या कशाला राहता, भोपाळला चला, फक्त हक्क सोडल्याची सही करा. हे सगळं आम्हाला खाली फळ्यांतून स्पष्ट ऐकू यायचं. ती विचारायची, "मी तिथे आले की राहणं कोणाचं? तुझ्या बायकोचं." त्यावर तो कागद घडी करून खिशात घालायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. उरलेला वडाभात ती दोन दिवस खायची. मग तिचं मुसळ जास्तच जोरात पडायचं.

आमची गोष्ट अशी झाली की गोकुळपेठेत नवी चक्की निघाली, मोठ्या दगडाची. आमचा दगड लहान, जुना, पीठ गरम करायचा. पोळ्या वातड होतात म्हणून बाया तिकडे जायला लागल्या. आम्हीही मोठा दगड घ्यायचं ठरवलं. पण मोठ्या दगडाला जमिनीत सिमेंटचा पाया लागतो, नाहीतर चक्की जागेवर राहत नाही, चालायला लागते. हे वर गेले, हात जोडले. फरशीला हात लावायचा नाही, म्हणाली, भावानं बसवली आहे. पुन्हा गेले, पुन्हा तेच. रांग रोज आखूड होत चालली होती. पोरांच्या शाळा, सासूचं औषधपाणी, सगळं त्या एका पट्ट्यावर फिरत होतं.

मग आत्याबाई लग्नासाठी खाप्याला गेली. तिची पाठ वळली आणि आम्ही फरशी उचलली.

आमचं चुकलं का? मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पोट कोणाच्या मृत्युपत्रावर चालत नाही. चुकलं ते वेगळंच. पट्टा सरळ बसावा म्हणून खड्डा भिंतीला लागून घेतला. खाली निघाली काळी माती. आमचे हेही मौद्याचेच, शेतकऱ्याचे पोर, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते हे त्यांना कोणी शिकवायला नको. मौद्याच्या शेतात त्यांनी हातभर भेगांत पाय अडकवून घेतलेले. पण सिमेंट पक्कं व्हावं म्हणून रोज बादल्याच्या बादल्या पाणी ओतत राहिले. शेतात जे कळत होतं ते धरमपेठेत आल्यावर विसरले. पाया असा बसला की काय सांगू. चारही कोपऱ्यांना बोल्ट उभे, वर नवा दगड, आणि चक्की चालली तर आवाजही गोड.

आत्याबाई खाप्याहून आली ती सरळ वर गेली. कोपऱ्यात आम्ही पोती रचून ठेवली होती, तिला काही दिसलं नव्हतं. आम्ही नेहमीसारखी चक्की सुरू केली. थोड्या वेळानं ती जिन्यावरून खाली आली, दारात उभी राहिली.

"चक्की चालून राहिली अन् लोट्यातलं पाणी हलत नाही," ती म्हणाली. "काय केलं तुम्ही?"

मी पोती सरकवली. लपवून काय होणार होतं. ती वाकली, फुटलेल्या फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता शिव्या सुरू होतील. त्या ऐकायची माझी तयारी होती. पण ती फक्त म्हणाली, काढा. हे म्हणाले, सिमेंट आहे आत्याबाई, आता निघत नाही. ती वर निघून गेली.

त्या दिवसापासून अंगणातला नळ आमच्यासाठी बंद. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती गॅलरीतून सांगायची की इथल्या पिठात सिमेंट येते, पोरांच्या पोटात जाईल. मी खालून ओरडून उत्तर द्यायची. रांगेतल्या बाया दोन्हीकडे माना फिरवून ऐकायच्या. दळणासोबत तमाशा फुकट, म्हणून गर्दी उलट वाढलीच.

उन्हाळा लागला आणि माती आटली. आधी भिंतीच्या बुडाशी केसासारखी रेघ आली. मग ती वर चढत गेली, छताच्या फळ्या ओलांडून गेली आणि वरच्या मजल्यावर आत्याबाईच्या देवघरात निघाली. बोट जाईल एवढी भेग. तिनं देव दुसऱ्या कोपऱ्यात हलवले आणि भेगेत माती भरली.

सुटीत वसंता आला. भेग पाहून त्याचं तोंड असं उजळलं की जणू घरात पाळणा हलला. त्यानं ओळखीचा इंजिनीअर आणून मोजमाप केलं आणि पुढच्या महिन्यात कोर्टाचा समन्स आला. आत्याबाई घराची नासधूस करत आहे, मृत्युपत्राची अट मोडली आहे, तरी तिचा हक्क काढून घर मालकाच्या ताब्यात द्यावं. जिनं त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं तिच्यावर हा दावा.

आत्याबाईनं गल्लीतलेच एक म्हातारे वकील धरले. ते ओसरीवर बसून आमच्यादेखत बोलले, काही आडपडदा ठेवला नाही. अगदी सोपं आहे, म्हणाले. तुम्ही खाप्याला होता. भाडेकरूनं मागे न विचारता फरशी फोडली. खरं आहे तेवढं कोर्टात सांगा. तुम्ही सुटता, चक्की निघते, भेग त्यांच्या माथी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वर गेलो. तिनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिच्या उंबऱ्याच्या आत विचारल्याशिवाय कोणी यायचं नाही, वसंतानंसुद्धा नाही, हा तिचा नियमच होता. हे रडले. मी रडले नाही, पण म्हटलं, "आत्याबाई, आमच्या पोटावर पाय नका देऊ. तुम्हाले काय कमी पडून राहिलं?"

"कोर्टात मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली आणि दार लावलं.

झालं. यांनी दुसऱ्या दिवशी मौद्याला जाऊन बसस्टँडजवळ एक टपरी पाहून ठेवली. मी वेगळीच तयारी करत होते. ही कोर्टातून बाहेर आली की सगळ्यांसमोर तिला काय काय बोलायचं ते मी दळता दळता मनात घोकत होते. एकेक शिवी निवडून ठेवली होती.

तारखेच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, छत्री घेऊन आली. कोर्टाच्या पायऱ्यांवर वसंता तिला हात द्यायला पुढे झाला. तिनं छत्री त्याच्या बाजूच्या हातात घेतली, म्हणजे त्याला धरायला हातच उरला नाही.

वसंताच्या वकिलानं विचारलं, खड्डा कोणी खणला? ती म्हणाली, चक्कीवाल्यानं. यांनी माझा हात घट्ट धरला.

"तुम्हाला विचारून?"

आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती वसंताकडे पाहत होती. तो पुढे वाकून बसला होता, पेनाचं टोपण काढून, लिहून घ्यायला तयार.

"माझ्याच सांगण्यावरून," ती म्हणाली.

तिचेच वकील उठून उभे राहिले. समोरचा वकील म्हणाला, आजी, नीट आठवा, तुम्ही तेव्हा खाप्याला होता. ती म्हणाली, "जाताना सांगून गेले होते. माझ्या परवानगीवाचून त्या घरात खिळा लागत नाही. गल्लीत कोणालाही विचारा."

आणि गल्लीला तर खिळ्याची गोष्ट पाठच होती.

निकाल लागायला बराच काळ गेला. न्यायाधीशांनी तिला चांगलंच सुनावलं. हक्क राहण्याचा आहे, फोडण्याचा नाही, म्हणाले. पण एका भेगेसाठी म्हातारीला घराबाहेर काढता येत नाही. तिनं भिंत दुरुस्त करून द्यावी, यापुढे कशालाही हात लावू नये, आणि मालकाला वाटेल तेव्हा येऊन घराची प्रत्येक खोली उघडून पाहायची मुभा राहील. वसंताचं तोंड आधी पडलं होतं. शेवटचं वाक्य ऐकून त्यानं मान वर केली.

बाहेर आल्यावर मी सगळ्या शिव्या विसरले आणि तिच्या पायांशी वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"दूर हो. तुझ्यासाठी नाही बोलले मी," ती म्हणाली. "माझ्या घरात मला न विचारता कोणी फरशी फोडून जाते, असं मी त्या वसंतासमोर सांगू? मग मी आहे कोण तिथे? पाहुणी?" आणि छत्री उघडता उघडता म्हणाली, "भिंत तुम्ही बांधून द्याल. उद्याच लागा."

"माझ्या घरात" हे शब्द तिच्या तोंडून मी तेवढेच एकदा ऐकले.

यानंतर आमचं गूळपीठ झालं असेल असं वाटत असेल तर ते विसरा. नळ बंदच राहिला. मुसळ चालूच राहिलं. लोट्यातलं पाणी आता हलत नव्हतं, तरी ती रोज आपटायची. पाणी हलत नाही तर काहून आपटता, असं मी जिन्यातून विचारलं तर म्हणाली की मला वाटलं म्हणून. भिंत आम्ही बांधून दिली, नवा गिलावा केला. ती येऊन पाहून गेली, हातानं थोपटून पाहिली, मग पोत्यावरच्या लक्ष्मीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या नव्या गिलाव्यात ठोक खिळा. जुन्याला हात लावशील तर पाय मोडीन." असं लक्ष्मीचं फिरणं संपलं.

वसंता मात्र वारंवार यायला लागला. कोर्टानं दिलेली मुभा तो वसूल करून घ्यायचा. चपला घालून वर जायचा, तिच्या देवघरात शिरायचा, भिंतीवर बोटं वाजवायचा, तांदळाचं पिंप सरकवून मागे पाहायचा, पलंगाखाली बॅटरी मारायचा. ती त्याच्याकडे पाठ करून पाटावर लोट्यासमोर बसून राहायची. वडाभात तिनं पुन्हा केला नाही. तो गेला की ती सगळं घर पाण्यानं धुवायची. ते पाणी फळ्यांतून आमच्या पिठात गळायचं. मी ओरडले की वरून आवाज यायचा, "तुझ्या खड्ड्याचं पाणी आहे, पी."

एकदा भाडं द्यायला गेले तेव्हा नुकताच तो येऊन गेलेला होता. देव्हाऱ्यासमोर त्याच्या चपलेचा ठसा तसाच होता आणि ती ओल्या फडक्यानं तो पुसत होती. मला कसंतरी झालं. मी म्हटलं, "कोर्टात खरं सांगितलं असतं त हे दिवस नसते आले तुमच्यावर."

ती पुसतच राहिली. "भाडं ठेव अन् जा," म्हणाली.

एका दुपारी मुसळ पडलं नाही. आम्हाला आधी बरंच वाटलं. रांग मोठी होती, लग्नसराईची दळणं होती, झरझर डबे उतरत होते. बाया म्हणाल्या, आज म्हातारीचा खरंच डोळा लागला वाटते. मीही हसले. पण हात चालेना. मान सारखी वर जात होती, फळ्यांकडे. शेवटी मी आपणच खटका पाडला आणि चक्की थांबवली. थांबून ऐकलं. मग जिना चढून गेले, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि त्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा न विचारता गेले.

ती पाटावरच होती, भिंतीला टेकलेली. मुसळ मांडीवर आडवं. समोर लोटा काठोकाठ भरलेला, पाणी अगदी स्थिर.

मला रडू आलं नाही. मला राग आला. इतकी वर्षं त्या बाईचा इतका त्रास सोसला आणि जाताना तिनं भांडायलाही काही ठेवलं नाही. मी तिच्यासमोर बसले आणि तिला खूप बोलले. घोकून ठेवलेल्या शिव्यांतली मात्र एकही आठवली नाही.

वसंता आला. दिवसवार त्यानं सगळे नीट केले, ते नाही म्हणणार नाही. तेरावं झालं आणि त्याचा वकील आमच्या दारात उभा. आत्याबाईचा हक्क श्वासाबरोबर संपला, तुमचाही संपला. आम्ही विचारायला गेलो तर गल्लीतल्या म्हाताऱ्या वकिलांनीही मान डोलावली, लढाल तर नुसती वर्षं जातील म्हणाले. गोकुळपेठेच्या मागे टिनाचा एक शेड मिळाला. दगड, मोटार, पट्टा, लक्ष्मी, सगळं हातगाडीवर घालून नेलं. पाया तेवढा तिथेच राहिला. तो जमिनीतून निघणारा नव्हताच.

नंतर घर पाडलं. कवेलू उतरले, फळ्या उतरल्या, पेरूचं झाड बुडासकट गेलं. मी तिकडून जाताना मुद्दाम दुसरी गल्ली धरायची.

मग एक दिवस वसंता आमच्या शेडमध्ये आला. घामाघूम झालेला. सगळा प्लॉट साफ झाला, म्हणाला, पण तुमचा तो सिमेंटचा ठोकळा निघत नाही. बोल्ट वर काढून बसला आहे, नेमका नव्या इमारतीचं फाटक येणार तिथेच. मजुरांच्या घणांचे दांडे मोडले, ठेकेदार रोज कटकट करतो. तुम्ही बसवला, तुम्हीच येऊन काढा, नाहीतर मी पुन्हा कोर्टात जातो.

आमचे हे घाबरून उठायला लागले. मी त्यांना बसवलं. पिठाचे हात पदराला पुसले.

"वसंतराव," मी म्हटलं, "तो आमचा नाही. तो आत्याबाईच्या सांगण्यावरून बसला आहे. कोर्टात लिहून आहे. काढायचा त त्यांची परवानगी आणा."

त्यानं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि निघून गेला. मी मोटार सुरू केली. रांगेतल्या एका नव्या बाईनं डबा पुढे करत विचारलं, "कोण होतं वं ते?"

मी म्हटलं, "घरमालक."